सहा मतांचा गठ्ठा

ताई, तुमच्या अंत्यविधीला हेर केलर आले होते. हातात पांढऱ्या फुलांचं चक्र होतं. मी फुलांच्या आधी त्यावरची फीत वाचली. तिच्यावर त्यांच्या निवडणुकीतल्या यादीचं नाव असणार अशी माझी खात्री होती. नव्हतं. तुमचं नाव होतं आणि खाली त्यांचं, हुद्द्याशिवाय.

मतदानाला नऊ दिवस उरले होते. केलर उमेदवार होते, नगरपालिकेत आधीपासून सदस्य होते, आणि त्या सकाळी तिथं आपल्या मराठी मंडळाची सत्तरेक माणसं जमली होती. मी केलरांचे हात बघत होते. कुणाशी मिळवतात, किती वेळ धरतात. त्यांनी तुमच्या भावाशी, नितीनशी हात मिळवला, माझ्याशी मिळवला, आमच्या ईराशी मिळवला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. बाकी कुणाकडे गेले नाहीत. इतकी माणसं समोर असताना उमेदवार शेवटच्या रांगेत बसतो, याचा अर्थ त्याला हवं ते आधीच मिळालेलं आहे, असं मी मनात टिपून ठेवलं.

निघताना ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "फ्राऊ जोगळेकर, तुमच्या नणंदेचं आणि माझं एक बोलणं झालं होतं. पुढच्या आठवड्यात भेटू या का?"

तुमच्या शवपेटीपासून दहा पावलांवर. मी हो म्हटलं.

त्या क्षणी मला दुःख झालं नाही, ताई. समाधान झालं. माझा संशय खरा निघणार होता.

या जर्मन गावात मत कसं द्यायचं हे आम्हाला तुम्हीच शिकवलं. नितीननं आणि मी इथलं नागरिकत्व घेतलं आणि पुढच्याच निवडणुकीत मतपत्रिका टपालानं घरी आल्या. पुण्यात अकरा वर्षं मी एका दैनिकाच्या शहर पानासाठी महापालिकेच्या बातम्या दिल्या. तिथं मतदान म्हणजे शाळेची खोली, पडदा, दाराशी पोलीस. इथं मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी पडली होती. प्रत्येक यादीचा एक कागद, वर्तमानपत्राच्या पानाएवढा. जागा बावीस, म्हणून प्रत्येकाला मतं बावीस. एका उमेदवाराला जास्तीत जास्त तीन. या यादीतला एक, त्या यादीतली दुसरी, असं निवडून घेतलं तरी चालतं. घरी भरायचं आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर नेऊन टाकायचं. तेविसावं मत दिलं की सगळाच कागद बाद.

तुम्ही आम्हाला रविवारी अकरा वाजता बोलावलंत. मोठ्या टेबलावर टोक केलेल्या पेन्सिली होत्या आणि एका ताटात साबुदाण्याचे वडे. नितीननं पहिल्याच खेपेला चोवीस मतं दिली.

"नित्या, बावीस," तुम्ही म्हणालात. "बोर्डाची परीक्षा नाही ही. पुरवणी मिळत नाही."

"ताई, दोन चांगली माणसं राहिली."

"मग दोन चांगल्या माणसांची नावं खोड. तेच तर काम आहे इथं."

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला तोच रविवार, तेच टेबल, तेच वडे. तुम्ही नावं मोठ्यानं वाचायचात आणि प्रत्येकाविषयी एक वाक्य सांगायचात. हा बोलतो आणि बसतो. ही बोलत नाही पण कागद वाचून येते. याला रस्त्यावरचं फक्त स्वतःच्या दारापुढचं दिसतं. चाळीस वर्षं या गावात राहून, त्यातली तीस एका कारखान्यात यंत्रांची रेखाटनं काढून, तुम्हाला माणसांचंही तसंच दिसायचं. एक सरळ रेघ, खाली माप.

मला ते आवडायचं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून खटकायचंही. तुमच्या टेबलावरून उठताना बहुतेकांच्या कागदावर बहुतेक तीच नावं असायची. एकदा मी तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मी फक्त वाचते. पेन्सिल तुमच्या हातात आहे."

पुण्यात मंडळाचे अध्यक्ष याच आवाजात बोलायचे.

मग गेल्या वर्षीचा गणपती आला. गावच्या जुन्या हॉलचं भवितव्य तेव्हा ठरल्यासारखं होतं. तो पाडून तिथं भाड्याची घरं बांधायची असा नगरपालिकेचा ठराव झाला होता आणि त्याच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत केलर होते. आपला गणपती त्याच हॉलमध्ये बसायचा. तुम्ही केलरना आरतीला बोलावलंत.

ते दारात उभे राहून आत बघत होते. मी मागेच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"एवढी माणसं या गावात राहतात?"

"राहतात, कामाला जातात, टॅक्स भरतात," तुम्ही म्हणालात. "आज दोनशे तरी असतील."

केलरनी डावीकडून उजवीकडे एक नजर फिरवली. ती नजर मला पाठ आहे. उमेदवार आरतीला उभा असतो, हात जोडलेले असतात आणि डोळे रांगा मोजत असतात. मंडळाचा अध्यक्ष शेजारी उभा राहतो आणि मोजू देतो. पुण्यात याला गठ्ठा म्हणतात. गठ्ठ्याच्या बदल्यात कुठं मांडव मिळतो, कुठं पेव्हिंग ब्लॉक. मी अशा कितीतरी बातम्या दिल्या होत्या. तुम्ही शेजारी उभ्या होतात आणि मोजू देत होतात.

सहा आठवड्यांनी अम्ट्सब्लाटमध्ये, नगरपालिकेच्या साप्ताहिकात, केलरांच्या यादीची नवी भूमिका छापून आली. हॉल पाडण्याची घाई नको, प्रश्न लोकांना विचारावा. मी ते कात्रण काढून तारखेसह ठेवलं. पुढं सह्या गोळा झाल्या. तुम्ही किती शनिवार बाजारात उभ्या राहून माळ्यांच्या, बेकरीवाल्यांच्या, चर्चच्या गायकवृंदाच्या सह्या घेत होतात. आपल्या माणसांच्या सह्या तुम्ही कधीच घेतल्या नाहीत. ते मला दिसत होतं आणि मी त्याचा अर्थ लावला नाही. सह्या पुरल्या. नगरपालिकेच्या निवडणुकीबरोबरच आणखी एक मतपत्रिका असेल असं जाहीर झालं. हॉल पाडून घरं बांधावीत का? होय किंवा नाही.

आपलं भांडण झालं तेव्हा तुम्ही फरसबी मोडत होतात.

"या, पत्रकारबाई."

"ताई, केलरना तुम्ही काय कबूल केलंय?"

"चहा."

"मी गंमत करत नाही."

"मीही नाही. येतात कधीमधी. बिनसाखरेचा पितात. छापायचं असेल तर छाप."

"मंडळाची मतं त्यांना मिळतील असं सांगितलंय का?"

तुम्ही एक शेंग मोडलीत, दुसरी मोडलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला हॉल नको आहे का?"

"मला घरं हवी आहेत. आपल्याच मंडळातली तीन जोडपी वर्षभर घर शोधतायत. सानिकाला आठवा महिना लागलाय आणि ती नवऱ्याबरोबर एका खोलीत राहते. तिला हॉल हवाय की घर, विचारलंत कधी?"

"विचारलं. दोन्ही हवंय म्हणाली."

"मतपत्रिकेवर दोन्ही नाही."

"मग ज्यांनी मतपत्रिका लिहिली त्यांना विचार, दोन्ही का नाही. रेल्वेमागची जागा मी इथं आले तेव्हापासून रिकामी पडलीय. तिच्यावर घरं बांधा म्हटलं की सगळे खोकतात."

"तुम्ही विषय बदलताय. तुम्ही आमची मतं विकलीत, ताई."

हे वाक्य मी उच्चारलं. नंतर ते सौम्य करून आठवायचा प्रयत्न केला, पण शब्द हेच होते. तुमचे हात थांबले. मला वाटलं, तुम्ही चिडणार. तुम्ही हसलात.

"विकायला आधी असायला हवीत, सुजाता."

मी घरी येऊन मनातल्या मनात नोंद केली: उत्तर टाळलं.

त्यानंतरच्या रविवारी मी तुमच्या टेबलावर आले नाही. नितीन आणि ईरा आले. ईरा सतरा वर्षांची आहे आणि इथं सोळाव्या वर्षापासून गावच्या निवडणुकीत मत देता येतं, म्हणून तिची ती पहिलीच वेळ. तिनं शाळेची बॅग टेबलावर भिंतीसारखी उभी केली आणि तिच्यामागं कागद भरला, असं नितीननं सांगितलं. तुम्ही विचारलंत, कुणाला दिलीस गं? ती म्हणाली, "आत्या, दास इस्ट गेहाइम." ते गुप्त असतं.

"बरोबर आहे बाई," तुम्ही म्हणालात. "वडा तरी उघड्यावर खा."

नितीन हे सांगून हसला. मी विचारलं, तुझ्या कागदावर केलर आहेत का? तो म्हणाला, "तीन." मी विचारलं, ताईंनी सांगितलं म्हणून? तो म्हणाला, "नाही. मला हॉल हवाय म्हणून. तुला प्रत्येक गोष्टीत टोळी दिसते."

सोमवारी तुमचा फोन आला. "तुझे वडे डब्यात ठेवलेत. नेणार आहेस का?"

मी म्हटलं, "बघते."

चार दिवसांनी तुम्ही स्वयंपाकघरात पडलात. दवाखान्यात शुद्धीवर आला नाहीत. आपल्यातलं शेवटचं बोलणं वड्यांविषयी झालं आणि त्यातला शेवटचा शब्द माझा होता. याहून जास्त मला त्याविषयी लिहिता येत नाही.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी नितीन आणि मी तुमचं घर आवरायला घेतलं. तुमच्या लिहिण्याच्या टेबलात मंडळाची वही होती. प्रत्येक पानावर नावं, फोन नंबर, मुलांची वयं, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण उपासाला भगर खात नाही. काही नावांभोवती लाल पेन्सिलीनं गोल केले होते. नितीन दुसऱ्या खोलीत होता. मी दार लावून घेतलं. गोल म्हणजे पक्की मतं, असं मी गृहीत धरलं. माझ्या हातात अखेर पुरावा होता. मी मोजायला सुरुवात केली.

गोल सहा होते. तुमचं नाव, नितीन, ईरा, मी, आणि कुलथे पती-पत्नी.

मी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. दोनशेच्या वर नावं. गोल सहाच.

आपल्यात पासपोर्ट कुठला हे कुणी कुणाला विचारत नाही. नवऱ्याला बढती मिळाली, मूल झालं, घराचं कर्ज घेतलं, सगळं विचारतात. भारतीय पासपोर्ट परत केला का, हे विचारत नाहीत. ज्यांनी केलाय तेही सांगत नाहीत. गावी आईला तर मुळीच नाही. आम्ही परत केला तेव्हा तो कॉन्सुलेटच्या काउंटरवर ठेवून नितीन बाहेर येऊन बराच वेळ बाकावर बसला होता आणि आम्ही त्याविषयी पुन्हा बोललो नाही. मी धरून चालले होते की एवढ्या वर्षांत मंडळातल्या साठ-सत्तर जणांनी तरी नागरिकत्व घेतलं असेल. तो आकडा मी कुठून आणला? कुठूनच नाही. मला तो बरोबर वाटला. सहकाऱ्याच्या कॉपीत असा आकडा दिसला असता तर मी तो परत पाठवला असता.

मी कुलथ्यांना फोन केला. ते घुटमळले. "वहिनी, आम्ही दोघांनी घेतलाय, दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. ताईंना तेवढं सांगितलं होतं, त्यांनी सरळ विचारलंच." बाकी कुणी? "बाकीच्यांचंही ताईंनाच माहीत. दोघातिघांचे अर्ज पडून आहेत म्हणायच्या. मतदार आपण सहाच, असंही म्हणायच्या."

विकायला आधी असायला हवीत. तुम्ही उत्तर टाळलं नव्हतं. आकडा सोडून सगळं सांगितलं होतं.

इथं संशय संपायला हवा होता. संपला नाही, त्यानं नुसती बाजू बदलली. तुम्ही आमची मतं विकली नव्हती. मग केलरना जे दाखवलंत ते काय होतं? दोनशे माणसांच्या आरतीत एका उमेदवाराला मोजू दिलंत, त्यानं भूमिका बदलली, आणि त्या बदलावर एका गावाचं मतदान उभं राहिलं. नसलेला गठ्ठा दाखवणं हे असलेला विकण्यापेक्षा चांगलं की वाईट, हे मला ठरवता येईना. त्यात केलर भेटायला येणार होते.

मी चार दिवस त्यावर विचार केला. खरा आकडा सांगितला असता तर केलर शेवटच्या आठवड्यात हात काढून घेऊ शकत होते. अम्ट्सब्लाटचा एक अंक अजून यायचा होता. हॉल गेला असता, आणि त्याबरोबर तुमचे ते सगळे शनिवार. लोक काय म्हणाले असते, तेही मला दिसत होतं. त्या परदेशी बाईनं फसवलं. नाही सांगितलं असतं तर त्या फसवणुकीची मी वारस झाले असते. घरं व्हावीत असं मला वाटत होतं, म्हणजे सांगण्यात माझा फायदाही होता. त्यामुळं मला माझ्या प्रामाणिकपणाचाही भरवसा वाटेना.

नितीनला विचारलं. तो म्हणाला, "सांगू नकोस."

"का?"

"कारण ती माझी बहीण आहे आणि ती आत्ता उत्तर देऊ शकत नाही."

केलर बुधवारी बाजारचौकातल्या बेकरीत भेटले. बिनसाखरेची कॉफी मागवली. मी वही पिशवीत ठेवली होती. ते म्हणाले, शेवटच्या शनिवारी बाजारात हॉलच्या बाजूनं पत्रकं वाटायला तुमची नणंद माझ्याबरोबर उभी राहणार होती. तिच्या जागी घरातलं कुणी येईल का, एवढंच विचारायचं होतं.

"हेच ते बोलणं?"

"हेच."

"आणि मतं?"

"कुठली मतं?"

"मंडळाची. गणपतीत तुम्ही मोजलीत ती." त्यांनी कप खाली ठेवला. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर सांगितलं नसतं. "हेर केलर, त्या दोनशे जणांत मतदार सहा होते. बाकी सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय आहेत. सहा. आता पाच."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. मी निघालो होतो. तिनं मला दारातून परत आणलं आणि खुर्च्या रचायला लावल्या. दहाची एक चळत. चौथ्या चळतीपाशी म्हणाली, मतं मोजत असाल तर दमू नका, इथं सहाच आहेत. खुर्च्या मोजा."

वाक्य फार चांगलं होतं. इतकी चांगली वाक्यं लोक सहसा नंतर तयार करतात.

"मग तुम्ही भूमिका का बदललीत?"

"खुर्च्या मोजल्या." ते जरा हसले. "मी त्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवलं. सगळ्या खुर्च्या एकाच दिवशी लागल्या असं शेवटचं कधी झालं होतं, मला आठवेना. आल्झो, म्हणजे मतं म्हणाल तर त्या भूमिकेनं मी ती गमावलीच. ज्यांना घरं हवी आहेत ते आता मला देणार नाहीत."

"त्यांपैकी मीही एक असू शकते."

"असू शकता," ते म्हणाले. "तीही म्हणायची तसं."

तुम्ही येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून खुर्च्या उचलून घ्यायचात. दहाच्या वर चळत गेली तर ओरडायचात. केलरांच्या सांगण्यात ते बरोबर आलं होतं. पण तुमच्या खुर्च्या अर्ध्या गावाला माहीत आहेत. बातमीला दुसरा स्रोत लागतो. त्या चौथ्या चळतीपाशी दोनच माणसं होती. एक समोर कॉफी पीत होता आणि त्याला निवडून यायचं होतं. दुसरी तुम्ही. मी नंतर कुलथ्यांना विचारलं, त्या संध्याकाळी मागं राहिलेल्या दोन मुलींना विचारलं. केलर खुर्च्या रचत होते हे तिघांनाही आठवतं. काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. तुम्ही खरंच ते म्हणालात का, हे आता कळायचं नाही. तुम्ही म्हणाला असाल असं मला वाटतं, पण वाटणं आणि कळणं एकच, असं मी लिहू शकत नाही.

उठताना केलर म्हणाले, "एक विचारू? पाच कसे?"

"ती गेली म्हणून."

"पण मतदानाच्या दिवशी मदतनीस म्हणून तिची ड्यूटी नेहमी दुसऱ्या केंद्रावर असते. ती पोस्टानं मत देते. दिलं नव्हतं का?"

दिलं होतं. त्या रविवारी, वडे खाऊन झाल्यावर, तुम्ही पाकीट बंद करून ईराच्या हातात दिलं होतं आणि तिनं ते कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत टाकलं होतं. मी धरून चालले होते की ते आता बाद. केलर म्हणाले, बाद होत नाही. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. घरी येऊन राटहाउसला, नगरपालिकेच्या कचेरीत, फोन लावला आणि निवडणूक विभागातल्या बाईंना विचारलं, पोस्टानं मत पाठवून मतदार मतदानाच्या दिवसाआधी वारला तर?

"मत मोजलं जातं."

"मतदार जिवंत असावा लागत नाही?"

"मत देताना असावा लागतो," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात गंमत नव्हती.

"म्हणजे मोजणीच्या दिवशी ते पाकीट इतरांबरोबरच उघडणार?"

"गेनाऊ." अगदी बरोबर.

शनिवारी नितीन बाजारात उभा राहिला, तुमच्या जागी. मी गेले नाही. रविवारी आम्ही तिघं शाळेतल्या केंद्रावर गेलो. त्याआधी सकाळी मी आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कागद भरला. नावं वाचायला कुणी नव्हतं. मी ती मनात तुमच्या आवाजात वाचली आणि एकेका नावापुढं तुमचं वाक्य आपोआप आलं. त्यातली काही वाक्यं मी मान्य केली नाहीत. बावीस मतं मोजून दिली, दोनदा मोजली. केलरना तीन देता आली असती. मी एक दिलं. त्यांच्या गोष्टीवर माझा तेवढाच विश्वास बसला होता.

हॉलची मतपत्रिका केंद्रावर मिळाली. पडद्याआड मी जरा जास्त वेळ उभी होते. तुम्ही गेलात म्हणून मत बदललं तर ती श्रद्धांजली झाली असती, मत झालं नसतं. तुम्ही असता तर मी काय केलं असतं, तेवढंच स्वतःला विचारलं. सानिका डोळ्यांसमोर आणली, ती एक खोली, पलंगाला टेकवून ठेवलेला पाळण्याचा खोका. मी होयवर खूण केली. हॉल पाडून घरं बांधा. ताई, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं, आणि तुम्ही पुढची शेंग मोडली असतीत.

हॉल राहिला. फरक मोठा होता. आपली सहाच्या सहा मतं कुठल्याही बाजूला गेली असती तरी निकाल तोच लागला असता. केलर निवडून आले, आरामात. सानिकाला मुलगी झाली आणि ती अजून त्याच खोलीत आहे. रेल्वेमागची जागा अजून रिकामी आहे. नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीत श्रोत्यांना प्रश्न विचारता येतात, आणि मी तो प्रश्न लिहून ठेवला आहे. त्यात खोकणाऱ्यांची नोंद घेईन.

तुमची वही आता माझ्याकडे आहे. आवरताना एक गोष्ट मी नितीनला दाखवली नाही. सहा गोलांपैकी पाच नुसते गोल आहेत. सहाव्या गोलाच्या, माझ्या नावाच्या, पुढं तुम्ही एक छोटं प्रश्नचिन्ह केलं आहे. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मला लागलं. तुमच्या घरचं माणूस, आणि पुढं प्रश्नचिन्ह. आता वाटतं, गठ्ठा बांधणारी बाई असं चिन्ह करत नाही. ती प्रत्येक नावापुढं बरोबरची खूण करून मोकळी होते. तुम्ही मला मोजलंत, आणि मी कुठं जाईन ते माहीत नाही अशी नोंद केलीत. माझ्याविषयी तुम्ही केलेली ती नोंद मी तुमच्याविषयी केलेल्या कुठल्याही नोंदीपेक्षा अचूक होती.

राहिल्या दोन दुरुस्त्या.

केलरना मी मतं पाच असं सांगितलं होतं. ते चूक. मतं सहाच मोजली गेली.

आणि तुम्ही फोनवर विचारलं होतं त्याला मी 'बघते' असं उत्तर दिलं होतं. तुमच्या फ्रीझरच्या तळाशी डबा होता, झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर तुमच्या रेखाटनाच्या अक्षरात माझं नाव. नेला, ताई.